डुकरांच्या लशीबद्दल केंद्रीय पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री,
नवी दिल्ली

विषय: आफ्रिकन स्वाइन फिवरवरची लस आणि ती येईपर्यंतचे दिवस

महोदय,



मी महाराष्ट्रातला एक निवृत्त पशुवैद्यक आहे. नोकरीची बहुतेक वर्षं तालुक्याच्या दवाखान्यांत गेली. गाईम्हशींचं कृत्रिम रेतन, शेळ्यामेंढ्यांचं लसीकरण, अडलेल्या म्हशी सोडवणं, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लशी टोचणं, हे आमचं रोजचं काम. डुक्कर दवाखान्यात क्वचितच यायचं. ते आणायचं कसं, आणि आणलंच तर दारात गाई घेऊन उभे असलेले लोक त्याला आत येऊ देतील का, हा प्रश्न असायचा. म्हणून डुकरांकडे आम्हालाच जावं लागायचं. आणि गेलो नाही तरी का गेला नाहीत, असं कुणी विचारायचं नाही. हे पत्र त्या न विचारण्याबद्दल आहे.

सोलापूरकडच्या एका गावाबाहेर वडारांची वस्ती होती. डुकरं चार दिवस खात नाहीत असा निरोप आला म्हणून गेलो. एप्रिलचे दिवस, दुपारची वेळ. अशा उन्हात डुक्कर चिखल शोधतं, गटारात लोळतं. इथे अकराच्या अकरा डुकरं एका पडक्या भिंतीच्या कडेला एकमेकांच्या अंगावर चढून, थंडी भरल्यासारखी गठ्ठा करून पडली होती. डोळे चिपडांनी चिकटलेले. मला पाहून एक मादी उठली, दोन पावलं चालली, मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती होती तिथेच बसली. कानांच्या कडा जांभळ्या पडलेल्या, पोटाच्या पातळ कातडीखाली रक्ताचे ठिपके. हा क्लासिकल स्वाइन फिवर होता. त्यावर लस होती, अनेक वर्षांपासून होती, आणि ती मी दोन महिने आधी मागितली होती. आली तेव्हा ती इतकी थोडी होती की थर्मासमधल्या बर्फावरच्या कुप्या मोजून मी कोणत्या वस्तीला द्यायची आणि कोणती वगळायची हे ठरवत बसलो. ही वस्ती वगळली गेली होती.

मालकीण म्हातारी होती. रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "गायीची सुई टायमाला येती, मग आमच्या डुकराची का येत नाय?" खरं उत्तर मला माहीत होतं. गायीच्या मागे दूध संघ आहे, संघाच्या मागे पुढारी आहेत. डुकराच्या मागे वडार, कैकाडी आणि गावकुसाबाहेरची माणसं आहेत. त्या दिवशी मी "वरून पुरवठा कमी आहे" एवढंच म्हणालो.

पुरवठा कमी का होता, हे पुढे नीट कळलं. जुनी लस सशांत तयार करावी लागे. विषाणू सशाला टोचायचा, मग ससा मारून त्याच्या प्लीहेपासून लस बनवायची. एका सशामागे जेमतेम ५० मात्रा. देशाची गरज वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख मात्रांची, उत्पादन १२ लाखांच्या आसपास. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने आपल्याच देशातल्या विषाणूपासून पेशींवर वाढवलेली लस केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली. मात्रेला साधारण दोन रुपये खर्च, ससे मारायला नकोत. ती बातमी वाचून मला त्या म्हातारीची आठवण झाली. उशिरा का होईना, कुणीतरी तिचं ऐकलं असं वाटलं.

पण त्याच काळात देशाच्या दुसऱ्या टोकाला वेगळाच रोग शिरला होता. मे २०२० मध्ये भोपाळच्या उच्च-सुरक्षा पशुरोग संस्थेने शिक्कामोर्तब केलं की आसाम आणि अरुणाचलमध्ये मरणारी डुकरं आफ्रिकन स्वाइन फिवरने मरत आहेत. भारतात हा रोग त्याआधी कधीच नव्हता. आसाम सरकारने पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हाच ७ जिल्ह्यांतल्या ३०६ गावांत २,५०० च्या वर डुकरं मेली होती. टाळेबंदीचे दिवस होते, ब्रह्मपुत्रेतून डुकरांची कलेवरं वाहत होती, आणि काझीरंगातल्या रानडुकरांपर्यंत रोग पोहोचू नये म्हणून वनखात्याला खंदक खणावा लागला.

माझा एक जुना वर्गमित्र तिकडे नोकरीला होता. त्या महिन्यात त्याचा फोन आला. आकडे त्याने सांगितले नाहीत. एका घराचं सांगितलं. तिकडे डुकराचं खाणं रोज चुलीवर शिजवतात, कोंडा, अळूची पानं, घरातलं उरलंसुरलं. त्या घरातली सगळी डुकरं आदल्या दिवशी खड्ड्यात गेली होती. पहाटे घरधनीण उठली, सवयीने मोठं भांडं चुलीवर चढवलं, पाणी तापलं, आणि मग लक्षात येऊन तिने ते तसंच उतरवून ठेवलं. "तिथे उभं राहवेना," तो म्हणाला. मी विचारलं, "लस?" तो म्हणाला, "जगातच नाही."

महोदय, हे पत्र महाराष्ट्रातून का, असं कुणी विचारेल. विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ मध्ये देशात सुमारे ९० लाख डुकरं होती आणि त्यांतली २१ लाख एकट्या आसामात. ईशान्येत डुक्कर म्हणजे घरातली बचत. मुलाची फी, आजारपण, लग्न, सण, सगळं त्यातून निघतं. आमच्याकडे संख्या थोडी आहे. पण हा रोग ईशान्येतच थांबलेला नाही. २०२१ मध्ये मिझोरममध्ये शिरून त्याने हजारो डुकरं नेली, आणि जुलै २०२२ मध्ये तो थेट केरळच्या वायनाडला पोहोचला. मध्ये आपण आहोत. गोव्यात अगोंदा गोवन ही देशी जात आहे, राष्ट्रीय नोंदणी मिळालेली. एवढ्याशा मुलखात राहणारी जात एका साथीत नाहीशी होऊ शकते.

आणि आमच्याकडे आणखी एक गोंधळ आहे. 'स्वाइन' शब्द ऐकला की पुण्याला २००९ आठवतं. तो स्वाइन फ्लू होता, माणसांचा आजार. आफ्रिकन स्वाइन फिवर माणसाला होत नाही. तो फक्त डुकरांच्या कुळाला होतो, आणि ज्याला होतो ते बहुधा आठ-दहा दिवसांत मरतं. शंभरातली शंभर गेली तरी आम्ही पशुवैद्यक चकित होत नाही. क्लासिकल स्वाइन फिवरची ती दोन रुपयांची लसही इथे काही कामाची नाही. नावं जुळी असली तरी विषाणू पूर्ण वेगळे आहेत.

लस इतकी वर्षं का झाली नाही, हे सांगायला एका माणसाची गोष्ट पुरेशी आहे. वॉल्टर प्लोराइट हे इंग्रज पशुवैद्यक केनियात काम करत. गुरांच्या बुळकांडीचा विषाणू त्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर एकामागून एक सुमारे ९० वेळा वाढवला, तेव्हा कुठे तो मवाळ झाला, आणि त्यातून जी लस निघाली तिच्या बळावर २०११ मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून गेली. आपण भारतात तिच्यातून २००६ मध्येच मुक्त झालो होतो. आमच्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांनी बुळकांडीची लस देत रानोमाळ पायपीट केली. आफ्रिकन स्वाइन फिवरचं पहिलं वर्णनही केनियातलंच, १९२१ मध्ये माँटगोमेरी यांनी केलेलं. आणि याच प्लोराइट यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की आफ्रिकेत हा विषाणू मऊ कवचाच्या गोचिडांत राहतो, रानातल्या वॉर्टहॉग डुकरांना फारसा त्रास न देता त्यांच्यात फिरतो आणि तिथून पाळीव डुकरांत येतो. ज्याने बुळकांडी हरवली त्याच्या हाताखालून हाही विषाणू गेला. याची लस मात्र झाली नाही.

कारण हा विषाणू शरीराच्या चौकीदाराच्याच घरात राहतो. रक्तातल्या ज्या पेशी जंतू गिळायला असतात, त्याच पेशींत तो वाढतो. त्याच्याकडे दीडशेहून अधिक जनुकं आहेत, आणि त्यांतली कितीतरी डुकराच्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठीच आहेत. मेलेला विषाणू टोचून पाहिला, संरक्षण मिळालं नाही. निरनिराळी प्रथिनं देऊन पाहिली, पुरेसं मिळालं नाही. नातेवाईक विषाणूही नाही. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा आपण शेळ्यांच्या देवीची लस गुरांना दिली आणि पुष्कळ गुरं वाचली. मी निवृत्त होतो तरी गावोगावी टोचायला गेलो होतो. दोन्ही विषाणू एका घराण्यातले असल्यामुळे ते जमलं. आफ्रिकन स्वाइन फिवरचा विषाणू त्याच्या घराण्यात एकटाच आहे. उसनी आणावी अशी लस कुठे नाही.

उरतो तो एकच मार्ग. जिवंत विषाणू घ्यायचा, त्याला मवाळ करायचं आणि तोच टोचायचा. या मार्गावर एकदा फार मोठी ठेच लागली आहे, आणि आपल्या खात्यात हे पत्र जो कोणी वाचेल त्याने ती विसरू नये अशी माझी विनंती आहे. १९५७ मध्ये हा रोग पोर्तुगालमध्ये शिरला आणि १९६० मध्ये पुन्हा आला. हवालदिल होऊन तिथे मवाळ केलेल्या विषाणूची लस लाखो डुकरांना देण्यात आली. ती पुरेशी मवाळ नव्हती. कितीतरी डुकरांना न्यूमोनिया झाला, सांधे सुजले, कातडीवर व्रण उठले, आणि वाचलेली डुकरं विषाणू अंगात घेऊन फिरत राहिली. रोग हटवायला दिलेल्या लशीनेच तो मुरवला. पुढची तीसेक वर्षं स्पेन-पोर्तुगाल त्याच्याशी झगडत होते.

आता शास्त्र पुढे गेलं आहे, हे खरं. अमेरिकेच्या प्लम आयलंड प्रयोगशाळेत मॅन्युएल बोर्का आणि डग्लस ग्लॅड्यू यांच्या गटाने विषाणूतलं एकच जनुक काढून टाकलं, तेव्हा तो मवाळ झाला आणि त्याने प्रयोगातली डुकरं वाचवली. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. २०१९ च्या साथीत व्हिएतनामने सुमारे ६० लाख डुकरं गमावली होती. तिथल्या कंपनीने ते तंत्र घेतलं आणि जून २०२२ मध्ये त्या देशाने जगात पहिल्यांदा अशा लशीला परवाना दिला. दोन महिन्यांत वापर थांबवावा लागला, कारण फू येन प्रांतात लस दिलेली डुकरं मेली. लस ठरावीक वयाच्या, मांसासाठी वाढवलेल्या पिलांसाठी होती. ती नियम सोडून दिली गेली, असं तिथल्या सरकारने सांगितलं. तपास झाला, आणि जुलै २०२३ मध्ये तिला आणि आणखी एका लशीला देशभर परवानगी मिळाली. फिलिपिन्सने २०२४ मध्ये बातांगास प्रांतातून मर्यादित वापर सुरू केला. जागतिक पशुआरोग्य संघटनेने अशा लशींसाठी पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण मान्य केलं ते मे २०२५ मध्ये.

नियम सोडून दिली गेली, या वाक्याशी मी थांबतो, कारण वस्तीवर लस कशी दिली जाते ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. कागदावर लिहिलेलं असतं, आठ-दहा आठवड्यांचं निरोगी पिल्लू. वस्तीवर वय कुणाला माहीत नसतं. मागच्या पायाला धरून एक डुक्कर पकडून ठेवलेलं असतं, ते कानठळ्या बसेल असं ओरडत असतं, मालक म्हणतो, डॉक्टर, आता धरलंयच तर हिलाही टोचा. ती गाभण आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं. नुसत्या चांगल्या व्यवस्थेत सुरक्षित असलेली लस आपल्याकडे सुरक्षित नाही. जी लस चुकून गाभण मादीला, चुकून दुबळ्या पिलाला, चुकून दुप्पट मात्रेत गेली तरी जीव घेणार नाही, तीच आपली लस.

म्हणून माझी पहिली मागणी घाईची नाही. परदेशातली लस आणा आणि टोचा, असं मी म्हणणार नाही. आज भारतात या रोगावर एकही लस मंजूर नाही, आणि कच्ची लस मंजूर होण्यापेक्षा ते बरं. पण घाई नको म्हणताना मला भीती वाटते की त्याचा अर्थ 'नंतर बघू' असा घेतला जाईल. त्या म्हातारीला दोन महिन्यांत लस मिळाली नाही, ती कोणी विचारपूर्वक थांबवली म्हणून नव्हे. कुणाला निकड वाटली नाही म्हणून.

निकड दाखवायची तर ती प्रयोगशाळेत दाखवा. हा विषाणू साध्या प्रयोगशाळेत हाताळता येत नाही. लस दिलेल्या डुकराला खरा विषाणू देऊन पाहायचं तर त्यासाठी बंदिस्त, हवा गाळून सोडणारे गोठे लागतात. ते जितके थोडे, तितकी चाचण्यांची रांग लांब. भोपाळ, इज्जतनगर आणि गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या राष्ट्रीय डुक्कर संशोधन केंद्रातल्या माणसांना अशी जागा आणि सलग दहा वर्षांचा पैसा द्या, दर मार्चला आटणारा नको. चाचण्या नुसत्या विलायती पांढऱ्या डुकरांवर करू नका. मेघालयच्या नियांग मेघावर, मिझोरमच्या झोवॉकवर, आसामच्या डूमवर, आमच्या गावठी काळ्या डुकरावर करा. गाभण माद्यांवर करा. लशीतला विषाणू एका डुकरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला तर पुन्हा जहाल होतो का, हे पाहा. लस दिलेलं डुक्कर आणि रोग होऊन गेलेलं डुक्कर रक्त तपासून वेगळं ओळखता येईल अशी सोय लशीतच ठेवा, नाहीतर साथ कुठे आहे आणि कुठे संपली हे कुणालाच कळणार नाही. आणि निकाल, चांगले-वाईट सगळे, जाहीर करा. लस फसली तर तेही.

विषाणूही बसून राहिलेला नाही. चीनमध्ये दोन जुन्या प्रकारांच्या मिश्रणातून झालेला विषाणू सापडला आहे, पुढे व्हिएतनाममध्येही, आणि आजच्या लशी त्याला पुऱ्या पडत नाहीत. चीनमध्येच २०२१ मध्ये असे विषाणू आढळले ज्यांची जनुकं माणसाने काढलेली होती. चोरून वापरलेल्या लशींतून ते आले असावेत, असा तज्ज्ञांचा संशय होता. आपली ईशान्येची सीमा लांब आणि डोंगराळ आहे. डुकरं मरत असताना हातात पडेल ती कुपी टोचणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. पण ती कुपी त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, हे बघणं आपलं काम आहे.

इथे उत्पादनाची सोय नाही असंही नाही. लम्पीच्या वेळी देशी लशीचं तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे देण्यात आलं होतं. उद्या डुकरांची लस सिद्ध झाली तर बनवणारे हात आहेत. फक्त त्या वेळी डुकराची कुपी रांगेत शेवटची नको.

आता लस येईपर्यंतच्या दिवसांबद्दल. स्पेनने हा रोग १९९५ पर्यंत हटवला तो लशीशिवाय. पशुवैद्यकांची फिरती पथकं, कळपांची रक्ततपासणी, गोठ्यांची सुधारणा आणि मारलेल्या डुकरांची वेळेवर भरपाई. तीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तो बार्सिलोनाजवळच्या रानडुकरांत पुन्हा दिसला, म्हणजे जागरण कायमचंच आहे. आपल्याकडेही कृती-आराखडा आहे: लागण झालेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारायची, दहा किलोमीटरवर पाळत ठेवायची. आराखडा चुकीचा नाही. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या डुकराची. रोगाने आधीच मेलेल्याची नाही.

याचा परिणाम काय होतो, ते कुठल्याही वस्तीवर दिसेल. पहिलं डुक्कर खायचं सोडतं, तेव्हा मालकाला कळतं की हे गेलं आणि बाकीचीही जाणार. खबर दिली तर मेलेल्याचं काही मिळणार नाही, जिवंत आहेत ती खड्ड्यात जातील आणि पैसे कधी येतील ते सांगता येत नाही. खबर दिली नाही तर रात्रीत ती विकता येतात, कापता येतात. तो विकतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही विकली असती. मांस बाजारात जातं, उरलेलं खरकटं हॉटेलमधून दुसऱ्या कुणाच्या डुकरांना जातं, आणि खारवलेल्या मांसात महिनोन्महिने, गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं टिकणारा विषाणू पुढच्या गावात पोहोचतो. लस नसलेल्या रोगात पहिला कळवणारा माणूस हाच आपला बंदोबस्त आहे, आणि आपला नियम त्यालाच शिक्षा करतो.

हा विषाणू मानस अभयारण्याच्या गवतात पिग्मी हॉगपर्यंत पोहोचला तर काय होईल, याचाही विचार व्हावा. हातभर लांबीचं, जगात काही शेकडाच उरलेलं हे डुक्कर आसामखेरीज कुठे नाही.

माझी विनंती एवढीच आहे, महोदय. लशीला दहा वर्षं लागली तरी चालतील, मात्र ती दहा वर्षं कामाची असू द्या. पण भरपाईच्या नियमात एक ओळ घालायला दहा वर्षं लागत नाहीत. ज्याने पहिल्या चोवीस तासांत खबर दिली, त्याच्या मेलेल्या डुकरांचीही भरपाई द्या, मारलेल्यांइतकीच, आणि महिन्याच्या आत त्याच्या खात्यात जमा करा. ही ओळ येत्या पावसाळ्याआधी घाला.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, महाराष्ट्र